क्वीन, वेम्बली, १३ जुलै १९८५ : त्या २१ मिनिटांत नेमकं काय जमलं?

धागाकर्ता : टेबललँड

दरवर्षी १३ जुलै जवळ आला की ‘लाइव्ह एड’ या मदत-मैफलीतली क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची क्लिप व्हॉट्सॲपवर फिरायला लागते आणि खाली ठरलेले शेरे येतात. ‘दैवी’, ‘असा पुन्हा होणे नाही’, ‘आपल्या पाचगणीचा पोरगा’ (म्हणजे त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी). माझी यातल्या कशालाच हरकत नाही, पण यातून ती २१ मिनिटं का जमली हे काही कळत नाही. माझं मत सांगून टाकतो : क्वीननी तो दिवस तयारीच्या जोरावर मारला. बऱ्याच जणांनी चांगल्या कामासाठी हजेरी लावली, चार गाणी वाजवली आणि निघून गेले. या चौघांनी कार्यक्रम बसवून आणला होता. पटत नसेल तर भांडा, त्यासाठीच धागा आहे.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी भराभर सांगतो. ऑक्टोबर १९८४ मध्ये बीबीसीवर मायकेल बर्कचा इथिओपियातल्या दुष्काळाचा वृत्तांत आला. तो पाहून ‘बूमटाउन रॅट्स’चा गायक बॉब गेल्डॉफ आणि मिज युअर यांनी ब्रिटनमधले गायक गोळा करून नाताळाआधी एक मदतगीत काढलं. त्याच्या पुढची उडी म्हणजे एकाच दिवशी लंडनचं वेम्बली आणि फिलाडेल्फियाचं जेएफके अशा दोन स्टेडियममध्ये मैफल आणि उपग्रहावरून जगभर प्रक्षेपण. वेम्बलीत साधारण ७२ हजार लोक होते. तिकीट २५ पौंड, त्यातले ५ तिकिटाचे आणि २० देणगीचे. दुपारी बारा वाजता ‘स्टेटस को’नी सुरुवात केली. राजपुत्र चार्ल्स आणि डायना समोर बसलेले.

प्रत्येकाला साधारण वीस मिनिटं. वेळ संपत आली की कळावं म्हणून स्टेजवर रहदारीसारखे हिरवे-पिवळे-लाल दिवे. साउंडचेक जवळपास नाहीच. स्वतःची प्रकाशयोजना, धूर, मोठा सेट यातलं काहीही आणायचं नाही. क्वीनसारख्या बँडचं अर्धं भांडवल इथेच गेलं, कारण त्यांचे शो दिव्यांच्या राक्षसी रचनेवर उभे असत. त्यात वेळ मिळाली संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांची. लंडनच्या जुलैत त्या वेळी लख्ख ऊन असतं. (आपल्याकडे तेव्हा रात्रीचे ११ वाजून ११ मिनिटं झाली होती.)

शिवाय बँडचे दिवस काही बरे चालले नव्हते. ऑक्टोबर १९८४ मध्ये वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेच्या सन सिटीत जाऊन वाजवल्यामुळे नाव खराब झालं होतं, संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत गेले होते, ब्रिटनमधल्या संगीतकारांच्या संघटनेनं दंड केला होता. अमेरिकेत तर बायकांचे कपडे घालून केलेल्या एका व्हिडिओनंतर त्यांचा बाजार उतरला तो उतरलाच. जानेवारी १९८५ मध्ये रिओत प्रचंड गर्दीपुढे वाजवलं होतं, म्हणजे बँड संपला होता असं अजिबात नाही. पण ब्रिटनमधल्या त्या नाताळच्या गाण्यात ते नव्हते, आणि लाइव्ह एडलाही आधी का-कू करत होते.

एकदा हो म्हटल्यावर मात्र त्यांनी लंडनच्या किंग्ज क्रॉसजवळचं शॉ थिएटर घेतलं आणि तिथे घड्याळ लावून तालमी केल्या. अशा मैफलीसाठी थिएटर घेऊन सराव करणं तेव्हा कोणाच्या डोक्यातही नव्हतं. नवीन काही वाजवायचं नाही, लोकांना तोंडपाठ आहे तेच, आणि तेही कापून. याची उलटी बाजू बघायची तर ॲडम अँट बघा. त्याला एका गाण्याएवढीच वेळ होती आणि त्यानं नवंकोरं गाणं वाजवलं. वेम्बली ढिम्म.

आता ती २१ मिनिटं.

पोलिसांचा वेष केलेले दोन विनोदी नट, मेल स्मिथ आणि ग्रिफ रिस जोन्स, ओळख करून देतात. फ्रेडी मर्क्युरी पळतच येतो. पांढरी बनियन, फिकट जीन्स, दंडाला खिळ्यांचा पट्टा. स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारतो आणि पियानोला बसतो. त्या पियानोवर पेप्सीचे कागदी कप आणि बिअरचे ग्लास ओळीनं मांडून ठेवलेत, लग्नाच्या हॉलमधल्या टेबलासारखे. कोणी उचललेले नाहीत. मग दोन-चार सूर, आणि ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’.

इथेच पहिली कापाकापी. या गाण्याचं सुरुवातीचं संथ कडवं घ्यायचं, ब्रायन मेचा गिटारचा तुकडा येऊ द्यायचा, आणि लोकांना आता ऑपेराचा भाग येणार असं वाटतंय तोवर थेट ‘रेडिओ गा गा’. स्वतःच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्याचं तीन मिनिटांत डोकं उडवायचं याला धाडस लागतं! तो ऑपेरावाला भाग एरवीच्या कार्यक्रमांतही ते टेपवरच लावत, त्यामुळे दिवसाउजेडी, दिवे नसताना, तो वेळ खाणारच होता.

‘रेडिओ गा गा’ला फ्रेडी पियानो सोडतो, अर्धा तुटलेला माइकस्टँड उचलतो आणि धृपदाला ती दुहेरी टाळी सुरू होते. सगळं स्टेडियम डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवतंय. हे फक्त क्वीनचे चाहते नव्हते, हे लक्षात घ्या. कोणी बोवीसाठी आलेलं, कोणी यू-टूसाठी, कोणी मॅकार्टनीसाठी. व्हिडिओत पाहिलेली खूण त्यांच्या हातांत आपसूक आली.

मग वाद्यं थांबवून ते ‘एऽऽ ओ’ : फ्रेडीची हाक, लोकांचं उत्तर. त्यानंतर ‘हॅमर टू फॉल’, ज्यात तो स्टेजवर आलेल्या बीबीसीच्या कॅमेरामनचीच फिरकी घेतो. मग स्वतः गिटार गळ्यात अडकवून ‘क्रेझी लिटल थिंग कॉल्ड लव्ह’. शेवटी ‘वी विल रॉक यू’चा छोटा तुकडा आणि ‘वी आर द चॅम्पियन्स’. सहा गाणी, एक खेळ, आणि कुठेही भाषण नाही. गेल्डॉफनं नंतर सांगितलं की हा कार्यक्रम म्हणजे सगळ्या जगासाठी लावलेला ज्यूकबॉक्स आहे हे क्वीनलाच बरोबर कळलं होतं.

हे सगळं टेबलावर बसून ठरवलेलं आहे. गळा दैवी असेल, कात्री माणसाची होती.

प्रतिसाद

अर्धीकटिंग :
वाखूसा (वाचनखूण साठवली). आत्ता हेडफोन लावून पुन्हा पाहतोय, शेजारच्याला वाटतंय क्लायंट कॉल चालू आहे. पियानोवरचे कप आजवर कधी नीट बघितलेच नव्हते.

खर्जातला :
धागा चांगला आहे, पण एक गोष्ट गाळलीत. आवाज. मी लाइव्ह साउंडमध्येच काम करतो म्हणून लिहितोय.

अशा मैफलीत सगळ्यांसाठी एकच पीए (मोठ्या स्पीकरांची ध्वनियंत्रणा) लावलेली असते आणि स्पीकर उडू नयेत म्हणून तिच्यावर लिमिटर बसवलेले असतात. ठरावीक पातळीच्या वर आवाज गेला की लिमिटर तो दाबतो. क्वीनच्या गोटातूनच सांगितला जाणारा किस्सा असा की त्यांचा साउंड इंजिनिअर ट्रिप खलाफ यानं त्या लिमिटरांची व्यवस्था आधीच ‘पाहून’ घेतली होती, आणि म्हणून क्वीन इतरांपेक्षा मोठ्यांदा वाजले. किस्सा आहे, सरकारी कागद नाही. पण स्वतःचा माणूस मिक्सिंग डेस्कवर असणं आणि त्याला गाण्यांचा क्रम, कुठे काय उठवायचं हे पाठ असणं, हा मुद्दा तुमच्या तयारीच्या बाजूनंच जातो.

दुसरी गंमत टाळ्यांची. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टेजवरून निघालेला ठोका दीड-दोनशे मीटरवरच्या माणसापर्यंत पोचायला अर्धा सेकंद घेतो. ज्यांनी पथकात ढोल वाजवलाय त्यांना हे हाडात माहीत असतं : रांग लांबली की मागच्या ओळी ताशाच्या मागे पडायला लागतात, मग मागचे कान सोडून पुढच्याच्या हाताकडे बघून वाजवतात. वेम्बलीत तेच झालंय. दिसणं ताबडतोब, ऐकणं उशिरा. मागचे लोक फ्रेडीच्या आणि पुढच्या ओळींच्या हातांकडे बघताहेत, म्हणून हात एकत्र वर जाताना दिसतात. हे संध्याकाळच्या उन्हात झालं म्हणून झालं! रात्री अंधारात मागच्याला पुढचे हात दिसलेच नसते. तुम्ही ज्या उन्हाला तोटा म्हणताय तो या गाण्यापुरता फायदा आहे.

आणि ब्रायन मेला हे विज्ञान कळत नव्हतं असं समजू नका. हा माणूस खगोलभौतिकीवाला, २००७ मध्ये इंपीरियल कॉलेजातून पीएचडी पूर्ण केली. ‘वी विल रॉक यू’ रेकॉर्ड करताना पाय आपटण्याचे आवाज एकमेकांवर चढवले, तेव्हा प्रत्येक थराला वेगवेगळा उशीर दिला आणि ते उशीर मूळ संख्यांच्या हिशेबात ठेवले, म्हणजे प्रतिध्वनीसारखं न वाटता प्रचंड गर्दी असल्यासारखं वाटेल. स्टुडिओत खोटी गर्दी बनवणारा माणूस खऱ्या गर्दीपुढे उभा होता.

टेबललँड :
खर्जातला, उन्हाचा मुद्दा झकास. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मूळ संख्यांचं ऐकून होतो, पण थरांचं तुम्ही नीट उलगडून सांगितलंत.

शुद्धनिषाद :
‘गळा दैवी असेल, कात्री माणसाची’ हे वाक्य टाळ्या घेणारं आहे, पण गळ्याला तुम्ही एका ओळीत निकालात काढलंय. मी गाणं शिकवते, त्यामुळे थोडं सहन करा.

तो ‘एऽऽ ओ’चा भाग नीट ऐका. पहिली हाक अगदी सोपी आहे, कोणालाही जमेल अशी. लोक उत्तर देतात. दुसरी जरा लांब. तिसरी थोडी वळणाची, मग छोट्या छोट्या फेकी, आणि मध्येच एक सूर धरून ठेवतो तो ठेवतोच. ७२ हजार लोकही तो धरायचा प्रयत्न करतात. प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा किंचित अवघड, पण कोणी हात टेकेल इतकी अवघड नाही. वर्गात नवख्या मुलांकडून मी हेच करून घेते, फक्त माझ्याकडे सात मुलं असतात. गाणाऱ्यांनी लक्ष द्यावं अशी बाब म्हणजे, तो आपली खरी ताकद या भागात दाखवतच नाही. दाखवली असती तर लोक ऐकत बसले असते, गायले नसते.

‘वी आर द चॅम्पियन्स’मध्येही तसंच. वरचे अवघड सूर ड्रमवरचा रॉजर टेलर उचलतो, फ्रेडी अनेकदा खालून वेगळी वाट काढतो. लाइव्हमध्ये हे तो सर्रास करत असे. स्टुडिओतला सूर रोज काढला तर गळा राहत नाही. याला कमीपणा म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना महिनाभर रोज गायला बसवावं.

गॅलरीतून :
सगळे एका सुरात गायला लागले म्हणून बेसूर लावतो. माझ्या मते त्या दिवसाची सर्वोत्तम क्षणचित्रं यू-टूची आहेत. ‘बॅड’ नावाचं एकच गाणं बारा मिनिटं ताणलं. बोनो मध्येच स्टेजवरून खाली उतरला, गर्दीत चेंगरणाऱ्या एका मुलीला बाहेर काढायला लावून तिच्याबरोबर नाचला. बाकीचे तिघे वर वाजवताहेत आणि गायक दिसत नाही! त्यापायी तिसरं ठरलेलं गाणं राहिलं, बँडला वाटलं आपण माती केली. आणि त्याच बारा मिनिटांनी ते जगभर पोचले.

म्हणजे बघा, क्वीननी मिनिट न मिनिट बसवलं आणि जिंकले, यू-टूनी सगळं वेळापत्रक उधळलं आणि तेही जिंकले. मग तयारीचा सिद्धांत कुठे राहिला, टेबललँडराव?

टेबललँड :
गॅलरीतून, मुद्दा जोरदार आहे, पण मला वाटतं तो सिद्धांताला फारसा धक्का देत नाही. बोनोनं जे केलं ते एकदाच होणारं होतं. ते कोणालाही ठरवून करता आलं नसतं, त्यांना स्वतःला पुढच्या आठवड्यात करता आलं नसतं. क्वीननी केलं ते पुढच्या वर्षी वेम्बलीत दोन रात्री केलं, बुडापेस्टला केलं, ९ ऑगस्ट १९८६ला नेबवर्थला केलं. नेबवर्थ फ्रेडीबरोबरचा शेवटचा जाहीर कार्यक्रम ठरला.

आणि तयारी नसली की काय होतं हे त्याच दिवशी फिलाडेल्फियात लेड झेपेलिन या बँडनी दाखवलं. इतक्या वर्षांनी एकत्र आले, सराव नाममात्र, गिटार सुरात नाही, गायकाचा आवाज बसलेला, आणि ड्रमवर कॉन्कर्ड विमानातून उतरलेला फिल कॉलिन्स, जो आधी वेम्बलीत वाजवून आला होता. पुढे २००४ मध्ये डीव्हीडी निघाली तेव्हा त्यांनी आपला भाग त्यात घालूच दिला नाही.

गॅलरीतून :
झेपेलिनचं मान्य. तिथे माझ्याकडे बचाव नाही.

चिवडा_विदाउट_दाणे :
मी क्वीनवरचा २०१८चा सिनेमा पाहून त्यांना ऐकायला लागलो, त्यामुळे नवशिक्याचा प्रश्न. सिनेमात दाखवतात की बँड फुटला होता, लाइव्ह एडसाठी पुन्हा एकत्र आला, आणि फ्रेडी तालमीत सगळ्यांना आपल्या एड्सच्या आजाराबद्दल सांगतो. ते खरं ना?

शुद्धनिषाद :
नाही. बँड फुटलेला नव्हता. मे १९८५ पर्यंत तर ते दौऱ्यावर होते, वर टेबललँडनी रिओचं लिहिलंच आहे. आजाराचं निदान सर्वसाधारणपणे १९८७चं मानलं जातं. सिनेमाला शेवटी अश्रू हवे होते, म्हणून तारखा हलवल्या. बाकी वेम्बलीचा प्रसंग मात्र त्यांनी हावभावांपर्यंत तंतोतंत उतरवलाय, फ्रेडी झालेल्या रामी मालेकला ऑस्कर उगाच नाही मिळालं. चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत ‘क्रेझी लिटल थिंग’ गाळलं होतं, तेवढं मूळ फुटेजमध्ये आवर्जून बघा. गिटार वाजवणारा फ्रेडी म्हणजे जरा जपून पाऊल टाकणारा फ्रेडी, बघायला मजा येते.

चिवडा_विदाउट_दाणे :
धन्यवाद ताई. म्हणजे मी तालमीच्या सीनला रडलो ते फुकट.

कृष्णाकाठ :
वाईचा आहे, त्यामुळे ‘आपल्या पाचगणीचा पोरगा’ यावर बोलायचा हक्क राखून ठेवतो.

फारुख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबार. आईवडील पारशी, मूळ घराणं गुजरातेतल्या बलसाडचं, आडनाव त्यावरूनच. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये बोर्डिंगला. ‘फ्रेडी’ हे नाव तिथलं. पियानो तिथला. ‘द हेक्टिक्स’ हा पाच पोरांचा पहिला बँड तिथला, क्लिफ रिचर्ड आणि लिटल रिचर्डची गाणी वाजवणारा. त्यात फ्रेडी पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा. पुढे झांझिबारला परत, १९६४ मध्ये तिथल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला.

एवढं खरं. यावर आमच्याकडे जे इमले चढतात त्याला सीमा नाही. एक गाइड पर्यटकांना पाचगणीच्या टेबललँड पठारावरचा दगड दाखवून सांगत होता, फ्रेडी याच्यावर बसून गाणी लिहायचा. हा मुलगा इथे होता तेव्हा क्वीन नावाचा बँड जन्माला यायला अजून आठ-दहा वर्षं होती! फ्रेडीनं नाव बदललं आणि पाचगणीबद्दल जाहीरपणे फारसं कधी बोलला नाही. आपण ‘आपला’ म्हणायला हरकत नाही, पण त्यानं आपल्याला कितपत ‘आपलं’ म्हटलं हेही बघावं.

मात्र शाळेचा एक धागा मला वेम्बलीशी जुळलेला दिसतो. पहाटेची घंटा, प्रार्थना, खेळ, स्टेजवरची नाटकं, सगळं वेळेवर. वीस मिनिटं म्हणजे वीस मिनिटं, हे बोर्डिंगमधल्या मुलाला शिकवावं लागत नाही. (हलके घ्या, पुरावा काही नाही.)

अर्धीकटिंग :
तो दगड मलाही दाखवलाय. वर शंभर रुपये घेतले.

टेम्सकाठी :
मी पश्चिम लंडनमध्ये राहते. त्या कुटुंबाचं फेल्टममधलं घर माझ्या रोजच्या बसच्या वाटेपासून फार लांब नाही. साधं, ओळीतलं, छोटं घर. २०१६ मध्ये तिथे इंग्लिश हेरिटेजची निळी पाटी (नामवंतांच्या घरांवर लावतात ती) लागली. हीथ्रोची विमानं डोक्यावरून जात असतात. जुनं वेम्बली, म्हणजे त्या दोन मनोऱ्यांचं, पाडलं. आताचं २००७चं आहे, त्यामुळे ‘त्याच जागी उभं राहून’ वगैरे भावना येणाऱ्या पाहुण्यांना मी जपून करायला सांगते.

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. क्वीन त्या दिवशी दोनदा आले. रात्री पावणेदहाच्या सुमाराला फ्रेडी आणि ब्रायन दोघेच परत आले, ब्रायनकडे अकूस्टिक गिटार, आणि ‘इज धिस द वर्ल्ड वी क्रिएटेड’ गायले. हे गाणं लाइव्ह एडसाठी लिहिलेलं नाही, १९८४च्या ‘द वर्क्स’मधलं शेवटचं गाणं आहे. विषय उपाशी मुलांचा. अख्ख्या दिवसात त्यांनी भुकेवर गायलेलं हे एकमेव गाणं, आणि त्याची क्लिप कोणी फिरवत नाही. आवाजाच्या कटकटीही होत्या, मान्य. पण संध्याकाळची २१ मिनिटं कोणत्याही स्टेडियममध्ये चालली असती, हे गाणं मात्र त्या दिवसाचंच होतं.

जमाखर्च :
टेम्सकाठी यांनी भुकेचा विषय काढला म्हणून लिहितो, नाहीतर वाचून गप्प बसणार होतो. साठ-सत्तर ओळी टाळ्यांवर झाल्या, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्या माणसांवर एक ओळ.

इथिओपियाचा दुष्काळ फक्त पावसामुळे नव्हता. मेंगिस्तूची लष्करी राजवट उत्तरेत तिग्राय आणि एरित्रियातल्या बंडखोरांशी लढत होती, आणि अन्न अडवणं हे त्या लढाईतलं हत्यार होतं. उत्तरेतल्या लोकांना उचलून दक्षिणेत नेऊन वसवण्याची मोहीम चालू होती, त्यात फार माणसं मेली. फ्रान्सच्या डॉक्टरांच्या एमएसएफ या संघटनेनं जाहीरपणे सांगितलं की मदतच या मोहिमेसाठी वापरली जातेय. १९८५ संपायच्या आत त्यांना देशाबाहेर काढलं गेलं. वेम्बलीवर यातलं एक अक्षर कोणी बोललं नाही. लोकांना सांगितलं गेलं की पाऊस नाही, पैसे द्या.

एकूण रक्कम १५ कोटी पौंडांच्या घरात गेली असं सांगतात. त्यातून ट्रक आले, धान्य आलं, माणसं वाचली, हे मी नाकारत नाही. आणि आफ्रिकेसाठीच्या मैफलीत आफ्रिकेतून आलेले कलाकार किती होते, हेही मोजून बघा. बोटं उरतील.

खर्जातला :
जमाखर्च, मुद्दे दखल घेण्यासारखे आहेत, पण मदतीच्या पैशातून बंडखोरांनी बंदुका घेतल्या ही फिरणारी बातमी तुम्ही घातली नाहीत हे बरं केलंत. ती २०१० मध्ये बीबीसीनंच दिली होती, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बँड एड ट्रस्टची (म्हणजे लाइव्ह एडचा पैसा सांभाळणाऱ्या संस्थेची) माफी मागितली, कारण त्यांच्या पैशाबद्दल तसा पुरावा नव्हता.

जमाखर्च :
माहीत आहे, म्हणूनच घातली नाही. माझा आक्षेप चोरीवर नाहीच, गप्प बसण्यावर आहे.

टेबललँड :
जमाखर्च, आक्षेप योग्य, पण तो आयोजकांवर. बँडला वीस मिनिटं होती आणि काम दिलं होतं लोकांना टीव्हीपुढे बसवून ठेवण्याचं. शिवाय बोवीचं उदाहरण आहे. त्यानं आपलं एक गाणं सोडलं आणि त्या वेळेत कॅनडाच्या सीबीसीनं चित्रित केलेली दुष्काळाची फिल्म दाखवायला लावली. त्यानंतर देणगीचे फोन भराभरा वाढले. म्हणजे कलाकाराला करण्यासारखं काही होतं, आणि ते एकानं केलं. क्वीननी केलं नाही. सन सिटीच्या नऊ महिन्यांनंतर आफ्रिकेसाठी वाजवताना त्यांच्या मनात काय होतं कोण जाणे. ती चूक होती असं त्यांनी तेव्हा तरी काही मानलं नव्हतं.

जमाखर्च :
सन सिटीचं तुम्ही स्वतः काढलंत, आवडलं. आता हिशेबाचाच विषय आहे तर याच्या आधीचा नमुना घ्या : १ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन, बांगलादेशी निर्वासितांसाठी. रविशंकरांनी बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनला साकडं घातलं आणि काही आठवड्यांत दोन खेळ उभे राहिले. मैफल अप्रतिम, पण धर्मादाय संस्थेची नोंद आधी नीट केलेली नव्हती, त्यामुळे रेकॉर्ड आणि सिनेमाचा मोठा पैसा अमेरिकेच्या करखात्यात वर्षानुवर्षं अडकला. गेल्डॉफला हा धडा माहीत होता, त्यामुळे लाइव्ह एडला ट्रस्ट आधीपासून होता.

गॅलरीतून :
यावर वेगळा धागा काढा ना. रविशंकर, अली अकबर, अल्लारखाँ एका स्टेजवर आणि नंतर डिलन, हे इथे एका प्रतिसादात उरकायचं म्हणजे अन्याय आहे.

शुद्धनिषाद :
अनुमोदन. आणि त्यात तो किस्सा घालाच. वाद्यं नुसती जुळवून झाली तर लोकांनी कडाडून टाळ्या वाजवल्या, तेव्हा रविशंकर म्हणाले की जुळवणं एवढं आवडलंय तर वाजवणं त्याहून आवडेल अशी आशा करतो.

जमाखर्च :
शनिवारी काढतो. पण त्यात कराचे आकडे असणार, आधीच सांगून ठेवतो.

अर्धीकटिंग :
चालेल. पॉपकॉर्न घेऊन बसतो.